थॅलियम टेस्टच्या चित्रावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

२०२५ च्या जून-जुलैत हासन जिल्ह्यातून हृदयविकाराने दगावलेल्या तरुणांच्या बातम्या एकामागून एक येऊ लागल्या आणि म्हैसूर-बेंगळुरूच्या हृदयरोग रुग्णालयांपुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. हासन बेळगावपासून पुष्कळ लांब आहे. तरीही त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या चार-पाच जणांनी आपापले रिपोर्ट आणून माझ्यापुढे ठेवले. मी डॉक्टर नाही. बेळगावच्या एका कॉलेजात अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवले, एवढ्याच भरवशावर लोक विचारतात. त्यांतला एक प्रश्न मात्र माझ्याच विषयाच्या हद्दीत येणारा होता: ‘डॉक्टरांनी थॅलियम टेस्ट सांगितली आहे. त्या चित्रात दिसते ते खरे असते का?’

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की चित्र खरे असते, पण त्यासाठी ते काढण्याआधी, काढताना आणि काढल्यानंतर बऱ्याच गोष्टी काटेकोरपणे पार पडाव्या लागतात. या सगळ्या काळजीला मिळून ‘गुणवत्ता हमी’ म्हणतात. रुग्णाला त्यातले फारसे काही दिसत नाही. दिसते ती रांग, इंजेक्शन आणि बिल. म्हणून हा लेख.

मुळात ही तपासणी काय दाखवते?

अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आकार दिसतो, म्हणजे नळी कुठे अरुंद झाली आहे ते कळते. थॅलियम टेस्टमध्ये त्या नळीतून आलेले रक्त हृदयाच्या स्नायूपर्यंत किती पोहोचते ते दिसते. घटप्रभेच्या कालव्यावर शेती करणाऱ्यांना हा फरक लगेच समजेल. कालव्याचा नकाशा पाहणे वेगळे आणि शेवटच्या शेतात पाणी चढले की नाही ते जाऊन पाहणे वेगळे. मागणी कमी असताना टोकाच्या शेतालाही कसेबसे पाणी मिळते. सगळ्यांनी एकदम पाणी घेतले की मधे गाळ साचलेल्या चारीवरचे शेत कोरडे राहते. हृदयाचेही तसेच आहे. म्हणून चित्रे दोनदा काढतात, एकदा हृदयावर ताण देऊन आणि एकदा विश्रांतीत. ताणाच्या वेळी कोरडा दिसलेला भाग विश्रांतीत ओला दिसला, तर तिथला स्नायू जिवंत आहे पण त्याला रक्त कमी पडते, असा अर्थ निघतो. दोन्ही वेळा कोरडाच दिसला, तर बहुतेक वेळा तिथे जुन्या झटक्याचा व्रण असतो.

ताण देण्यासाठी ट्रेडमिलवर चालवतात. ज्यांना गुडघ्यांमुळे चालता येत नाही, त्यांना रक्तवाहिन्या रुंद करणारे ॲडेनोसिनसारखे औषध शिरेतून देतात. दम्याच्या रुग्णाला ॲडेनोसिन सहसा चालत नाही; त्याच्यासाठी कोणते औषध चालेल, हे डॉक्टर आधी पाहून ठरवतात. त्यानंतर अत्यल्प किरणोत्सारी औषधाचे इंजेक्शन दिले जाते. ते रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत शिरते आणि तिथून निघणारे गॅमा किरण बाहेरचा कॅमेरा टिपतो. तपासणीला ‘थॅलियम’ हे नाव चिकटले असले तरी आज बहुतेक ठिकाणी थॅलियमऐवजी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य वापरतात. दर सहा तासांनी त्याची किरणे देण्याची ताकद निम्मी होते. या कालावधीला अर्धायुष्य म्हणतात. सकाळी आठ वाजता मोजलेले औषध दुपारी दोनला अर्धे उरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सोळावा हिस्सा. वेळेची नोंद पाच-दहा मिनिटांपर्यंत नेमकी का ठेवतात, ते यावरून कळावे.

चहाने काय बिघडते?

दोन वर्षांपूर्वी खानापूरकडच्या आमच्या आत्याला ही तपासणी सांगितली गेली. गुडघ्यांमुळे ट्रेडमिल शक्य नव्हती, त्यामुळे औषधाने ताण द्यायचे ठरले. पहाटेची एसटी धरून ती बेळगावला आली. इंजेक्शनच्या आधी तिथल्या परिचारिकेने सहज विचारले, ‘आजी, काही खाल्लं-प्यायलं नाही ना?’ आत्या म्हणाली, ‘पोटात कायबी नाही गं. खरं चा तेवढा घेतला, स्टँडवर.’ परिचारिका थांबली, आत जाऊन डॉक्टरांशी बोलली, आणि त्या दिवशीची तपासणी रद्द झाली. पुढची तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली.

मी तेव्हा चिडलो होतो. एका कप चहासाठी सत्तरीच्या बाईला पुन्हा एसटीने हेलपाटा का? पण चूक परिचारिकेची नव्हती. ॲडेनोसिन रक्तवाहिनीच्या भिंतीवरच्या ज्या ठिकाणांना चिकटून तिला रुंद व्हायला लावते, तीच ठिकाणे चहा-कॉफीतले कॅफीन अडवून धरते. औषध शरीरात जाते, पण वाहिन्या हव्या तितक्या रुंद होत नाहीत. कालव्याचे दार उघडलेच नाही, तर कोणते शेत कोरडे राहते हे कसे कळणार? चित्रात सगळीकडे सारखाच रंग येईल आणि रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल’ लिहिले जाईल. अडथळा असलेला माणूस निश्चिंत मनाने घरी जाईल. या तपासणीतल्या सगळ्या चुकांमध्ये मला ही सर्वांत घातक वाटते, कारण तिचा पुढे कोणालाच संशय येत नाही. म्हणूनच तपासणीपूर्वी किमान बारा तास, आणि बऱ्याच केंद्रांत चोवीस तास, चहा, कॉफी, कोको, चॉकलेट आणि कोला वर्ज्य असतात. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते.

आमच्या भागापुरती आणखी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. आत्याला सूचनांचा कागद दिला होता. तो इंग्रजी आणि कन्नडमध्ये होता, आणि चहा-कॉफीची मनाई त्यात स्पष्ट छापलेली होती. आत्या चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. घरच्यांनी कागदाचा अर्थ ‘उपाशीपोटी यायचे’ एवढाच लावला, आणि चहाला आमच्याकडे कोणी खाण्यात धरत नाही. भाषेच्या वादात मला इथे शिरायचे नाही. निपाणी, खानापूर, येळ्ळूरकडून येणाऱ्या रुग्णाला सूचना समजली नाही, तर लाखो रुपयांच्या कॅमेऱ्याचे चित्रही निरुपयोगी ठरते, एवढेच माझे म्हणणे आहे. रुग्णाच्या भाषेतला कागद हाही यंत्राच्या देखभालीइतकाच गुणवत्तेचा भाग आहे.

यंत्र महागडे असते. त्याला रोज तपासायची काय गरज?

आठ दिवसांनी आत्याला घेऊन मी पुन्हा गेलो, या वेळी सकाळी साडेसातला. आम्ही पहिलेच होतो. तरीही नऊ वाजून गेले आणि कोणालाच आत घेईनात. बाहेर बाकांवर कुरबुर सुरू झाली. मी विज्ञान शिकवलेला माणूस आहे हे कळल्यावर तिथल्या तंत्रज्ञाने मला आत नेऊन पडदा दाखवला.

पडद्यावर करड्या रंगाची एक आयताकृती पाटी होती. रोज सकाळी रुग्ण येण्याआधी कॅमेऱ्यासमोर एकसारखे किरण देणारा सपाट स्रोत ठेवतात. बहुधा तो कोबाल्ट-५७ चा असतो, कारण त्याचे अर्धायुष्य २७२ दिवसांचे आहे आणि त्याच्या किरणांची ऊर्जा टेक्नेशियमच्या जवळची आहे. कॅमेरा ठीक असेल तर पाटीभर सारखाच करडा रंग उमटायला हवा. त्या दिवशी डाव्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, फिकट गोल डाग होता. आमच्या सारख्याला तो सांगितल्याशिवाय दिसलाही नसता. गॅमा कॅमेऱ्यात एका मोठ्या स्फटिकामागे प्रकाश टिपणाऱ्या कित्येक नळ्या ओळीने बसवलेल्या असतात. त्यांतली एक नळी इतरांपेक्षा मंद झाली होती. ‘एवढासा तर डाग आहे,’ मी म्हणालो. त्यावर त्याने मला कॅमेरा फिरतो ते लक्षात घ्यायला सांगितले.

त्याच्या त्या वाक्यावरून मला खानापूरचे कुंभार आठवले. चाकावर मडके घडवताना कुंभाराच्या बोटाखाली वाळूचा एक कण आला, तर मडक्यावर ठिपका उमटत नाही. चाक फिरत असल्याने पूर्ण कडे उमटते. हृदयाचे चित्र काढताना कॅमेरा छातीभोवती अर्धवर्तुळात फिरत जातो आणि थांबत थांबत घेतलेल्या ३२ किंवा ६४ चित्रांतून संगणक हृदयाचे काप रचतो. कॅमेऱ्यावरचा एक मंद डाग त्या प्रत्येक चित्रात त्याच जागी असतो, म्हणून रचलेल्या कापांत त्याची कमान किंवा कडे तयार होते. ती कमान नेमकी हृदयाच्या भिंतीवर पडली, तर जिथे काहीच नाही तिथे रक्त कमी असल्यासारखे दिसते. साध्या हाडांच्या स्कॅनमध्ये खपून जाणारा दोष इथे म्हणूनच खपत नाही.

कुंभाराच्याच चाकाची दुसरी गोष्ट म्हणजे मध्य. मातीचा गोळा चाकाच्या बरोबर मधोमध बसला नाही, तर मडके थरथरते आणि एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ होते. कॅमेरा ज्या बिंदूभोवती फिरतो असे संगणक समजतो आणि तो प्रत्यक्षात ज्या बिंदूभोवती फिरतो, हे दोन्ही एकच असावे लागतात. त्यांत फरक पडला तर हृदयाची भिंत पुसट होते, कधी खोटी खिंड पडल्यासारखी दिसते. त्यासाठी ठरावीक काळाने एक बिंदूसारखा स्रोत ठेवून कॅमेरा पूर्ण फिरवतात आणि बिंदू बिंदूच राहतो ना, हे पाहतात. मध्य सरकला असेल तर त्याचे छोटे कडे दिसू लागते. याखेरीज शिशाच्या बारीक पट्ट्यांचा साचा ठेवून रेषा सरळ आणि वेगळ्या दिसतात का, हेही पडताळले जाते.

त्या सकाळी नळ्यांची जुळणी पुन्हा केली गेली, पाटी पुन्हा काढली गेली, डाग गेला, वहीत वेळ घालून सही झाली आणि पावणेदहाला आत्याचा नंबर लागला. उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर काम करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. सकाळी गेज तपासल्याशिवाय तेही पहिला जॉब पास करत नाहीत.

इंजेक्शनमधले औषध बरोबर आहे, हे कशावरून?

टेक्नेशियम लवकर संपते, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. शिशाच्या जाड आवरणाच्या एका डब्यात मॉलिब्डेनम-९९ ठेवतात. त्याचे अर्धायुष्य ६६ तास असते आणि ते हळूहळू टेक्नेशियमला जन्म देत राहते. रोज सकाळी मिठाच्या पाण्याने तेवढे टेक्नेशियम धुऊन काढायचे. या क्षेत्रातली मंडळी त्या डब्याला ‘गाय’ आणि या कामाला ‘धार काढणे’ म्हणतात. आठवड्याभराने ही गाय आटत येते, कारण मॉलिब्डेनमचा सहावा हिस्साच उरतो.

धारेत मॉलिब्डेनम उतरले आहे का, हे पाहणे आवश्यक असते. त्याने रुग्णाला निष्कारण किरणांचा भार होतो. सर्वसाधारण मर्यादा अशी की दर दहा हजार भाग टेक्नेशियममागे मॉलिब्डेनम दीड भागापेक्षा जास्त नसावे. तपासण्याची युक्ती सुंदर आहे: बाटली शिशाच्या जाड भांड्यात घालून मोजायची. टेक्नेशियमचे सौम्य किरण शिशात अडकतात, मॉलिब्डेनमचे जोरकस किरण पार होतात. भांड्याबाहेर जे मोजले जाते ते मॉलिब्डेनम.

मग हे टेक्नेशियम हृदयात जाणाऱ्या औषधाला नीट जोडले गेले का, हा प्रश्न उरतो. शाळेत शाईचा थेंब टिपकागदावर टाकून, कागदाचे टोक पाण्यात बुडवून रंग वेगळे होताना आपण पाहिले आहेत. तीच पद्धत इथे चालते. सेस्टामिबी नावाच्या नेहमीच्या औषधात किमान ९० टक्के टेक्नेशियम जोडलेले असावे लागते. सुटे राहिलेले टेक्नेशियम हृदयाकडे न जाता गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत आणि जठरात जमते.

शेवटी वजनकाटा. कारखान्याला ऊस घालणाऱ्या आमच्या भागातल्या शेतकऱ्याला काटा मारणे म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. शंका असेल तर तो गाडी आधी बाहेरच्या काट्यावर घालून येतो. औषध मोजणाऱ्या यंत्राचा काटाही रोज असाच तपासतात. त्यासाठी सीझियम-१३७ सारखा ३० वर्षे अर्धायुष्याचा स्रोत ठेवतात. तो महिन्यागणिक फारसा बदलत नाही, त्यामुळे आकडा हलला तर दोष यंत्राचाच. एकाच दिवशी दोन्ही चित्रे काढायची असतील तर दुसरा डोस पहिल्याच्या साधारण तिप्पट देतात, म्हणजे आधीच्या औषधाचा उजेड दुसऱ्या चित्रात डोकावत नाही. काटा चुकला की हे गणितही चुकते.

पण किरणोत्सार अंगात घ्यायचा म्हणजे धोका नाही का?

अणू म्हटले की आमच्याकडच्या लोकांना कारवारजवळची कैगा आठवते. तिथे अणू फोडून वीज करतात. या इंजेक्शनमध्ये अणू फुटत नाही. औषध आपली जास्तीची ऊर्जा किरणांच्या रूपाने टाकून शांत होते, आणि त्याचा काही भाग लघवीवाटे बाहेर पडतो. टेक्नेशियमच्या दोन्ही चित्रांची मिळून मात्रा साधारण १० मिलिसिव्हर्टच्या (शरीरावर पडणारा किरणांचा भार मोजायचे एकक) आसपास येते. निसर्गातून माणसाला वर्षाला जगभरच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे सुमारे चार वर्षांचा नैसर्गिक वाटा एकदम. धोका शून्य नाही, पण तपासणी खरोखर गरजेची असेल तर तिच्या फायद्यापुढे तो लहान आहे. गरज नसताना मात्र ती करू नये, आणि गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने तसे आधीच सांगावे. मात्रा कमी कशी ठेवावी, यावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने २०१३ मध्ये ६५ देशांतल्या ३०८ केंद्रांची पाहणी झाली होती. ताणाचे चित्र स्वच्छ आले तर विश्रांतीचे न काढणे, वजनानुसार डोस देणे, थॅलियम टाळणे अशा आठ सवयी कोण पाळते, हे त्यात पाहिले गेले. भारतात अशा केंद्रांवर १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. परवाना आणि किरण-सुरक्षा अधिकारी नसेल तर केंद्र चालवता येत नाही.

सगळे नीट असूनही चित्र फसवू शकते का?

होय, फसवू शकते. रुग्ण हात डोक्यावर घेऊन पंधरा-वीस मिनिटे पडून असतो. चित्रातला एक ठिपका साधारण सहा-सात मिलिमीटरचा असतो; रुग्ण दोन ठिपक्यांएवढा, म्हणजे सव्वा सेंटिमीटरभर हलला, तरी हृदयाच्या भिंतीत खोटी खाच पडू शकते. म्हणून जाणता डॉक्टर आधी रंगीत काप पाहत नाही. कच्ची चित्रे एकामागून एक फिरवून हृदय उडी मारते का ते बघतो. स्त्रियांमध्ये स्तनाच्या उतींनी किरण अडल्यामुळे पुढची भिंत आणि पुरुषांमध्ये पोट-छातीमधल्या पडद्यामुळे खालची भिंत फिकट दिसते. अशा वेळी ईसीजीशी जोडून हृदयाची हालचाल पाहतात. व्रण असलेली भिंत जखडलेली असते. फिकट दिसणारी भिंत जोमाने आत-बाहेर होत असेल तर ती निरोगी आहे आणि दोष सावलीचा आहे. कधी पालथे झोपवून पुन्हा चित्र घेतात. यकृत किंवा आतड्यात साचलेले औषध हृदयाच्या खालच्या भिंतीला झाकते, तेव्हा थोडे थांबून, पाणी पाजून पुन्हा चित्र काढावे लागते. ‘पुन्हा झोपा’ म्हटले की नातेवाईकांना वाटते काहीतरी गंभीर निघाले. बहुतेक वेळा तसे नसते; कोणीतरी मन लावून काम करत आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

एक मर्यादा मात्र कोणत्याही काळजीने पुरती जात नाही. ही तपासणी एका भागाची दुसऱ्याशी तुलना करते. हृदयाच्या तिन्ही मोठ्या वाहिन्या सारख्याच अरुंद असतील तर सगळेच शेत सारखे कमी ओले होते आणि चित्र नॉर्मल भासू शकते. म्हणून ताणाच्या वेळचा ईसीजी, रक्तदाब, छातीत दुखले का, ताणानंतर हृदयाची शक्ती घटली का, हे सगळे चित्राबरोबर वाचायचे असते.

मग रुग्णाने काय पाहावे?

रिपोर्टमध्ये कोणते औषध किती दिले, ताण कसा दिला आणि चित्रांच्या दर्जाविषयी काही लिहिले आहे का, ते पाहावे. ट्रेडमिल केली असेल तर नाडी किती वाढली ते पाहावे. २२० मधून वय वजा करून त्याच्या ८५ टक्के हे नेहमीचे लक्ष्य असते, म्हणजे साठीच्या माणसाला मिनिटाला १३६. तिथपर्यंत न पोहोचता आलेल्या ‘नॉर्मल’विषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या तपासणीआधी थांबवायच्या का, हेही डॉक्टरांनाच विचारावे. आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये. कॅमेऱ्याची आजची तपासणी झाली का, असे विचारायला लाजू नये. ज्या केंद्रात ती झालेली असते, तिथे वही दाखवायला कोणी कचरत नाही, असा माझा अनुभव आहे.

आत्याचा रिपोर्ट त्या दुसऱ्या खेपेच्या तपासणीनंतर आला. खालच्या भिंतीच्या एका लहान भागाला ताणात रक्त कमी पडत होते. आता ती गोळ्यांवर आहे आणि बरी आहे. आठ दिवस आधी, स्टँडवरचा चहा पोटात असताना तपासणी उरकली असती, तर तो भाग कदाचित दिसलाच नसता. पुढच्याच आठवड्यात मी तो सूचनांचा कागद मराठीत लिहून केंद्रात नेऊन दिला, आणि त्यांनी तो ठेवून घेतला. त्यातली पहिली ओळ आत्याला वाचायला देऊन, तिला समजते की नाही ते पाहूनच मी पक्की केली होती: ‘आदल्या दिवशी सकाळपासून चहा अजिबात घ्यायचा नाही. अर्धा कपसुद्धा नाही.’